वेशीबाहेरच्या तीन रात्री

आमच्या गावात दर चार वर्षांनी माणसं घर सोडून जातात. साथ आलेली नसते, पूर नसतो, कुणी हाकललेलं नसतं. आमच्या ग्रामदेवाचा, रामेश्वराचा कौल झाला की तीन दिवस आणि तीन रात्री तळकोकणातलं आमचं अख्खं आचरा वेशीबाहेर. गुरं, कोंबड्या, कुत्री, अंथरुणाला खिळलेली म्हातारी माणसं, बाळंतिणी, सगळेच. चुली विझवायच्या, दाराला कडी घालायची आणि निघायचं. याला गावपळण म्हणतात. शेजारच्या चिंदरला आणि वायंगणीलाही ती आहे. पुण्यात हे सांगितलं की समोरचा माणूस हमखास दोन प्रश्न विचारतो. पहिला, "चोऱ्या नाही होत?" आणि दुसरा, "यामागचं शास्त्रीय कारण काय असेल?"

आमच्या घरी तरी कधी चोरी झाली नाही. शास्त्रीय कारणं मात्र मी भरपूर ऐकली आहेत. पूर्वी साथी यायच्या म्हणून, हवा शुद्ध व्हावी म्हणून, जमिनीला विसावा मिळावा म्हणून. मला ही कारणं आवडत नाहीत. ज्यांना देव पटत नाही आणि सोडवतही नाही, त्यांनी काढलेली ती पळवाट वाटते. माझ्या आजीला विचारलं असतं तर तिनं चार शब्दांत सांगितलं असतं, "तीन दिस गाव देवाचो."

म्हणजे आपण गेलो की देव गावात फिरतो. सोबत त्याची भुतंखेतं. चार वर्षांत घराघरांत जे काही वाईटसाईट साचलं असेल, ते झाडून नेतो. आपण मध्ये सापडलो तर आपल्यालाही नेईल, म्हणून आपण बाहेर. नऊ वर्षांची असताना माझा यावर पुरता विश्वास होता. इतका, की मला देवाची पावलं बघायची होती.

त्यासाठी मी निघायच्या दिवशी चुलीतली राख पिठाच्या चाळणीनं चाळली. सगळे बैलगाडीत भांडी भरण्यात गुंतले होते. मागच्या दारापासून माजघरापर्यंत मी राखेचा पातळ थर पसरला, उलटी चालत चालत ओटीवर आले आणि चाळणी जागेवर ठेवली. ती चाळणी नंतर कशी वास मारत होती, हा आईच्या आठवणीतला त्या गावपळणीचा मुख्य भाग आहे.

आमची खोप चिंदरच्या बाजूला असायची. झावळ्यांच्या भिंती, वर झावळ्याच, खाली पेंढा आणि त्यावर गोधड्या. घरात कधी एकत्र न जेवणारे तीन चुलते तिथं एका पंगतीत बसायचे. रात्री भजन, मग फुगड्या, मग कुणीतरी दशावतारातल्या संकासुराची नक्कल करायचं आणि बायका पदर तोंडाला लावून हसायच्या. मी आजीच्या कुशीत झोपायचे. तिच्या अंगाला मशेरीचा वास यायचा. दुसऱ्या रात्री मला जाग आली तेव्हा कूस रिकामी होती. परसाकडे गेली असेल असं वाटलं आणि मी परत झोपले.

चौथ्या दिवशी परतायचा कौल झाला. मी सगळ्यांच्या पुढे धावत सुटले, मागच्या दारानं आत शिरले.

राखेत पावलं होती.

येतानाची आणि जातानाची. माणसाची, अनवाणी, लहान मापाची. डाव्या पायाला चारच बोटं. आजीची डाव्या पायाची करंगळी लहानपणी कोयता लागून तुटलेली होती. पावलं थेट माजघरातल्या पत्र्याच्या ट्रंकेपाशी गेली होती आणि तिथं राख बरीच विसकटलेली होती. म्हणजे ती तिथं बसली होती. बराच वेळ.

मला आजीचा राग आला नाही. मी फक्त हिशोब केला. हिशोब मला लहानपणापासून जमतो, पुढे पोटही त्यावरच भरलं. आजी गावात आली होती. देव गावात असता तर त्यानं तिला नेलं असतं. नेलं नाही. तेव्हा एकतर देव नव्हता, किंवा होता आणि त्यानं तिला बघून सोडून दिलं. दुसरा निष्कर्ष किती सुंदर होता, हे आज कळतं. पण नऊ वर्षांच्या मुलीला नियम मोडणारा देव चालत नाही. मी पोतेरं ओलं केलं आणि गुडघ्यांवर बसून सगळी राख पुसायला घेतली. आई दारात आली. "काय करतंस गो?"

"मांजर आलं होतं."

आईमागे आजी उभी होती. तिनं माझ्या हातातलं पोतेरं पाहिलं, उरलेल्या राखेतलं एक पाऊल पाहिलं, आणि पाय धुवायला विहिरीवर गेली. या विषयावर आम्ही दोघी कधी बोललो नाही. ती गेली तोपर्यंत, २००८ सालापर्यंत.

श्रद्धा एकदम जात नाही. छपराचं एक कौल सरकलं की पाऊस लगेच घरात येत नाही. पहिल्या पावसाळ्यात वाशाला ओल येते, दुसऱ्यात भिंतीवर ओघळ उमटतो, आणि मग एका रात्री बरोब्बर तुमच्या उशीवर थेंब पडतो. छपरावरचं कौल आणि देवाचा कौल, आमच्याकडे दोन्हींना शब्द एकच आहे. तर माझं एक कौल त्या दिवशी सरकलं. दहावीपर्यंत मी देवळात जात होते, हात जोडत होते, संकष्टीला साबुदाणा आवडीनं खात होते. बारावीत असताना केव्हातरी लक्षात आलं, की हात जोडल्यावर मी मनात काहीच म्हणत नाही. नुसतेच हात जोडलेले असतात.

त्याआधीची एक गोष्ट सांगायची राहिली. मी सात वर्षांची असेन. आजी मला घेऊन वाडीतल्या लहान देवळात गेली, कौल लावायला. गुरवानं पाषाण धुतला. फुलाच्या पाकळ्या पाण्यात बुडवून पाषाणाच्या उजव्या आणि डाव्या अंगाला चिकटवल्या. उजवी आधी पडली तर होय, डावी पडली तर नाही. मग त्यानं गाऱ्हाणं घातलं. "बा देवा म्हाराजा, आज ह्या लेकरान जो काय नारळ तुझ्या पायाकडे ठेवलो हा, तो मान्य करून घे. जा काय तिच्या मनात आसा, ता पुरा कर. जी काय इडापिडा आसात, ती दूर कर रे म्हाराजा." आणि आम्ही दोघी, दोनच माणसं, सगळा गाव जमल्यासारख्या मोठ्यानं म्हणालो, "व्हय म्हाराजा!"

आजीनं काय विचारलं ते तिनं गुरवालाही सांगितलं नव्हतं. मनात धरलं होतं. आम्ही वाट बघत बसलो. देवळात इतकी शांतता होती की पाण्याचा थेंब पाषाणावरून ओघळताना दिसत होता आणि ऐकूही येत होता, असं मला आठवतं. ऐकू येणं शक्य नाही, पण आठवतं. उजवी पाकळी पडली. आजीनं पदराचं टोक डोळ्यांना लावलं. त्या दिवाळीत तिनं शेणानं सगळं खळं पुन्हा सारवलं आणि फोवांचे पाच प्रकार केले, एकटीनं.

त्या दिवाळीत कुणीच आलं नाही. येणार होतं हेही आम्हाला माहीत नव्हतं.

आजी गेल्यावर दिवस-कार्य उरकलं आणि बाबांनी ट्रंक उघडली. वर दोन लुगडी, त्याखाली डांबराच्या गोळ्या, त्याखाली फडक्यात बांधलेला एक गठ्ठा. मनिऑर्डरची कुपनं. आता लहान मुलांना हे समजावून सांगावं लागेल. मनिऑर्डरच्या फॉर्मला खाली एक पट्टी असायची, पाठवणाऱ्याला चार ओळी लिहायला. पोस्टमन पैसे मोजून द्यायचा आणि ती पट्टी फाडून घेणाऱ्याच्या हातात ठेवायचा. अर्ध्या कोकणातले संसार या चार ओळींवर चालले. नवरा मुंबईत गिरणीत, बायको गावात, आणि मध्ये पट्टी. "पैसे पाठवले आहेत. पावसाआधी छप्पर शेकारून घेणे. पोरास शाळेत घालणे. मी खुशाल आहे." आजीला वाचता येत नव्हतं. पोस्टमन वाचून दाखवायचा, पडवीत, चारचौघांसमोर.

शेवटचं कुपन ऑक्टोबर १९८२ चं होतं. २५ रुपये. गिरण्यांचा संप १८ जानेवारीला सुरू झालेला, म्हणजे दहावा महिना. खाली एकच ओळ होती, "पुढचे जमेल तसे." घरात आजवर सांगितलं जायचं ते हेच, की संपानं आजोबांचं वाटोळं केलं. अडीच लाख कामगारांचं केलं, ते खरंच आहे. पण बाबा त्या रात्री, टकलावरचे नुकते उगवलेले केस चोळत, पहिल्यांदा बोलले. आजोबांचा कळव्याला दुसरा संसार होता. संपाच्या आधीपासून. आजीला माहीत होतं. गावातल्या निम्म्या लोकांनाही माहीत होतं. आजी शेवटपर्यंत कुंकू लावायची आणि विचारणाऱ्याला सांगायची, "मुंबयक आसत."

मी ती कुपनं तारखेप्रमाणे लावली. सवय. मग गठ्ठा बांधून ट्रंकेत ठेवला.

पुण्यात मी २००४ साली आले. हिशोबनीस म्हणून नोकरी, कर्वेनगरला तिघींत मिळून भाड्याचा फ्लॅट. देवबीव मागे पडलं होतं आणि त्याचं मला काही वाटत नव्हतं. उलट हलकं वाटायचं. २० ऑगस्ट २०१३ ला सकाळी ओंकारेश्वराजवळच्या विठ्ठल रामजी शिंदे पुलावर दाभोलकरांना गोळ्या घातल्या, त्यानंतरच्या दिवसांत मीही निषेधाला जाऊन उभी राहिले. आयुष्यात पहिल्यांदा कुठल्या गर्दीत उभी राहिले असेन, जत्रा सोडून. तिथं तो भेटला. बोलायला फार चांगला. त्या वर्षाअखेर जादूटोणाविरोधी कायदा झाला, तेव्हा त्यानं मला मस्तानी पाजली.

त्याला मी राखेची गोष्ट सांगितली. त्याआधी कुणालाही सांगितली नव्हती, आईलाही नाही. त्याला ती प्रचंड आवडली. मग मित्रमंडळींत तो ती सांगायला लागला. "हिनं नवव्या वर्षी प्रयोग केला, कंट्रोल एक्स्पेरिमेंट!" त्याच्या गोष्टीत आजी मशेरीचा डबा विसरली म्हणून परत जायची. लोक हसायचे. मीही हसायचे. पहिल्यांदा ऐकली तेव्हा पोटात काहीतरी आकसलं होतं, पण आपलंच माणूस आपली गोष्ट सांगतंय, त्यात काय, असं म्हणून सोडून दिलं. ट्रंकेतल्या गठ्ठ्याबद्दल मी त्याला सांगितलं नाही. तेवढं तरी शहाणपण झालं.

सहाव्या वर्षी, म्हात्रे पुलाजवळच्या अमृततुल्यात, चहा येण्याआधी तो म्हणाला, "आईनं पत्रिका दाखवली."

"कुणाची?"

"आपली. ९ गुण जुळतात. एकनाड आहे."

मी त्याच्याकडे बघत राहिले. त्याच्या शर्टाचं वरचं बटण तुटलेलं होतं, ते लावून द्यायचं मी आदल्या आठवड्यात कबूल केलं होतं. "तू मानतोस?"

"मी नाही गं मानत. तुला माहितीये. पण आईला कसं समजावू? तिची अँजिओप्लास्टी झालीये."

चहा आला. आम्ही प्यायलो. दोन चहांचे वीस रुपये मी दिले.

त्या रात्री मी गुणमेलनाचा हिशोब शोधून काढला. आठ कूटं असतात. वर्णाला १, वश्याला २, ताऱ्याला ३, योनीला ४, ग्रहमैत्रीला ५, गणाला ६, भकूटाला ७, नाडीला ८. बेरीज ३६. पास व्हायला १८. रचना देखणी आहे, नाही म्हणवत नाही. एकनाड म्हणजे आठ गुण एकदम गेले. दोन नास्तिकांचं सहा वर्षांचं नातं ज्योतिषाच्या आठ गुणांवर मोडलं, यात विनोद आहे हे मला तेव्हाही कळत होतं. हसू मात्र आलं नाही. राहून राहून एवढंच वाटत होतं, की कौल बरा. तिथं निदान आपण स्वतः विचारतो, स्वतःच्या डोळ्यांनी पाकळी बघतो. इथं माझा निकाल कुण्या संगणकानं छापला, आणि मी तिथं हजरही नव्हते.

नंतरचे महिने थोडक्यात सांगते, कारण त्यांत घडलं काहीच नाही. मार्चअखेर होती. ताळेबंद जुळवले. डबा नेला, खाल्ला. डोळे सुजलेले असायचे त्याला स्क्रीनचा ताण म्हटलं. फ्लॅटमधल्या दोघींना वाटलं मला ॲसिडिटी आहे, त्यांनी जिऱ्याचं पाणी करून दिलं आणि मी ते दोन आठवडे निमूट प्यायले. आईचा रोज फोन. "जेवलंस?" "जेवलंय." आमच्या घराण्यात बायका काय बोलतात आणि काय बोलत नाहीत याचा काहीतरी नियम असावा, आणि तो मला न शिकवता येत होता.

देव गेल्याचं दुःख मला त्या उन्हाळ्यात झालं, तोवर कधी झालं नव्हतं. मला काही मागायचं नव्हतं. तो परत यावा असंही वाटत नव्हतं. फक्त कुणालातरी मोठ्यानं सांगायचं होतं, पूर्ण वाक्यांत, मध्ये कुणी सल्ला न देता. आजीकडे निदान एक पाषाण होता. एका रविवारी दोघी बाहेर गेल्या होत्या. मी न्हाणीघरात जाऊन नळ सोडला आणि बादलीकडे बघत म्हटलं, "बा देवा म्हाराजा." पुढचं सगळं आठवलं, शब्द न् शब्द. गाऱ्हाणं संपलं. नळाचं पाणी वाहत होतं. "व्हय म्हाराजा" म्हणायला दुसरं कुणीच नव्हतं, म्हणून ते मीच म्हटलं. इतकं ओशाळल्यासारखं झालं की मी नळ बंद केला आणि उगाच फरशी घासत बसले.

त्याच थंडीत आईचा फोन आला. "कौल झालो. येतंस?" मी रजा टाकली. रात्रीची गाडी, फोंडा घाटातली वळणं, पहाटे कणकवली, तिथून एसटी. घर आता बदललंय. कौलं गेली, स्लॅब आला. खाली पांढऱ्या टाइल्स. बैलगाडीऐवजी टेम्पो. खोपीवर झावळ्यांबरोबर निळी ताडपत्री, आणि आत मोबाइलच्या बॅटऱ्या. भजन मात्र तेच. आईनं मला काही विचारलं नाही. फक्त एकदा, भाकऱ्या थापताना, माझ्या मनगटाकडे बघून म्हणाली, "बांगडी सैल झाली."

दुसऱ्या रात्री मला झोप लागेना. उठले. चपला अंधारात सापडल्या नाहीत, तशीच निघाले. कुठं जातेय हे मी स्वतःला सांगितलं नव्हतं. वेस ओलांडली. दव पडलं होतं, पाय लाल मातीनं भरत होते. गावात एकही दिवा नाही, कुत्र्याचं भुंकणं नाही, कोंबडा नाही. अशी शांतता मी पूर्वी एकदाच अनुभवली होती, त्या देवळात. भीती वाटली, खोटं कशाला बोलू. नऊ वर्षांची असताना जो गेला, तो त्या पाणंदीत माझ्या मागे पंधरा पावलांवरून चालत होता.

मागच्या दाराची कडी काढली. ट्रंक अजून माजघरातच आहे, तिच्यावर आईचं शिवणयंत्र. तिच्याशी पाठ टेकून खाली बसले आणि रडायला लागले. आधी नेहमीसारखं, तोंडावर हात ठेवून. मग हात काढला. आवाज करून रडले, गुरासारखी हंबरून, नाव घेऊन, शिव्या देऊन. भिंतींवरून तो आवाज परत येत होता आणि मला माझाच ओळखू येत नव्हता.

केव्हातरी थांबले आणि तेव्हा लक्षात आलं. आमच्या वाडीत घरं एकमेकांना टेकून आहेत. इकडे फोडणी पडली की तिकडे शिंक येते. तिथं चाळीस वर्षं कुंकू लावून "मुंबयक आसत" म्हणणाऱ्या बाईला मोठ्यानं रडायला जागा कुठली? चार वर्षांतून तीन रात्री. फक्त त्याच तीन रात्री ऐकायला गावात माणूस नसतं. ती मशेरीसाठी गेली नव्हती. कुपनांसाठीही नसेल कदाचित. मला नक्की माहीत नाही, आणि आता कळायचा मार्गही नाही.

उजाडायच्या आत खोपीत परतले. आई कुशीवर वळलेली होती, पाठ माझ्याकडे. पाय गोधडीला पुसून झोपले.

परतायचा कौल झाला. टेम्पोतून सामान उतरवता उतरवता मला एकदम आठवलं. पांढऱ्या टाइल्स. लाल माती. मागच्या दारापासून ट्रंकेपर्यंत. मी हातातली कळशी टाकून धावले, पण आई पुढे गेली होती. मी पोचले तेव्हा माजघरात बादली होती आणि आई गुडघ्यांवर बसून फरशी पुसत होती. फडक्याचं पाणी तांबडं झालं होतं. बाबा मागून आले, "इतक्यात काय ती साफसफाई?"

आईनं मान वर केली नाही.

"मांजार इलां हुतां," ती म्हणाली, आणि फडकं पिळलं.